वाचकांचे प्रश्न : जीमेल, आउटलुक की याहू?

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा पत्रव्यवहार अनेक वर्षे याहूच्या खात्यावरून चालतो. नव्या कार्यकारिणीतील तरुण सभासद जीमेलचा आग्रह धरतात, तर खजिनदारांना आउटलुक सोयीचे वाटते. जीमेल वापरून पाहिले, पण तेथे पत्रे एकमेकांत गुंतलेली दिसतात आणि फोल्डर कोठेच आढळत नाहीत. कोणती सेवा निवडावी? जुनी पत्रे सोबत नेता येतील का?
– सचिव, कोथरूड, पुणे

उत्तर : या निवडीत जागेचा प्रश्न आता जवळपास निकालात निघाला आहे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ जीबी जागा देऊ केली, तेव्हा हॉटमेल (म्हणजे आजचे आउटलुक) २ आणि याहू ४ एमबी देत असे आणि जुनी पत्रे पुसत बसणे हा रोजचाच उद्योग होता. आज जीमेल मोफत १५ जीबी देते (त्यात ड्राइव्ह आणि फोटोही आले) आणि आउटलुकची मोफत टपालपेटीही १५ जीबीचीच आहे. सोसायटीच्या कामाला एवढे पुष्कळ झाले. खरा फरक आहे तो प्रत्येक सेवा पत्राकडे कशी पाहते, यात.

याहू आणि आउटलुक यांची मांडणी कचेरीतल्या फायलींसारखी आहे : एक पत्र एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहते. जीमेलमध्ये फोल्डरऐवजी लेबल असते आणि एकाच पत्राला अनेक लेबले लावता येतात. पाण्याच्या टँकरबाबत महापालिकेकडून आलेले पत्र ‘पाणी’ आणि ‘महापालिका’ या दोन्ही ठिकाणी दिसते. मात्र पत्र एकच असल्याने ते ‘पाणी’मधून पुसले की ‘महापालिका’मधूनही जाते, हे कार्यकारिणीतील प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे. ‘अर्काइव्ह’चे बटण दाबल्यास मात्र पत्र पुसले जात नाही. ते इनबॉक्समधून हलते आणि ‘ऑल मेल’मध्ये सुरक्षित राहते. हरवल्याची ओरड होते ती बहुतेक पत्रे तेथेच सापडतात.

आपली गुंत्याची तक्रार अगदी रास्त आहे. जीमेल मूळ पत्र आणि त्यावरची उत्तरे एका संवादात बांधते. ‘लिफ्टची देखभाल’ या पत्राला उत्तर देताना एखाद्या सभासदाने विषय न बदलता वाहनतळाची तक्रार घुसडली, तर ती लिफ्टच्याच गठ्ठ्यात दबते आणि पुढे वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी कोणालाही सापडत नाही. (सभासदांना विषय बदलायला शिकवणे हा उपाय आम्ही सुचवणार नाही, तो कोणत्याही सोसायटीत यशस्वी होत नाही.) परंतु ही सक्ती नव्हे. दातेरी चक्राच्या खुणेवर टिचकी मारून ‘सी ऑल सेटिंग्ज’ उघडावे, ‘जनरल’ या भागात ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू’ बंद करावा आणि पानाच्या तळाशी जाऊन बदल जतन करावेत. जतन करायचे राहून गेले की सारे पूर्ववत दिसते आणि दोष जीमेलला दिला जातो. आउटलुकमध्येही सेटिंग्जमधील ‘मेल’ आणि त्याखालील ‘लेआउट’ येथे पत्रे सुटी दाखवण्याची सोय आहे.

तेथेच ‘फोकस्ड इनबॉक्स’ही बंद करता येतो, आणि सोसायटीसाठी तो बंदच असावा. आउटलुक स्वतःच्या अंदाजाने काही पत्रे ‘अदर’मध्ये सारते, तर जीमेल ‘प्रमोशन्स’सारख्या टॅबमध्ये. उपनिबंधक कार्यालयाचे पत्र अशा कप्प्यात आठवडाभर न वाचता पडून राहणे परवडणारे नाही.

शोधाच्या बाबतीत आमचे मत जीमेलच्या बाजूने आहे. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर टिचकी मारल्यास एक छोटा अर्ज उघडतो. त्यात पाठवणाऱ्याचे नाव, विषय, तारीख आणि जोडपत्र आहे की नाही हे भरले की जुने इतिवृत्तही चटकन हाती लागते. शिवाय जीमेलची संपूर्ण मांडणी मराठीत करून घेता येते, ज्येष्ठ सभासदांना त्याचा उपयोग होईल. मात्र सचिव म्हणून आपण विषयवार फायली ठेवत असाल आणि शोधण्यापेक्षा उघडून पाहण्याची सवय असेल, तर खजिनदारांचे ऐकावे. आउटलुकमध्ये डावीकडे फोल्डर, मध्ये यादी आणि उजवीकडे उघडलेले पत्र असे सारे एकाच वेळी समोर राहते.

जुनी पत्रे नेता येतात. थंडरबर्ड हा ईमेल हाताळण्याचा मोफत प्रोग्रॅम संगणकावर घेऊन त्यात याहूचे आणि नवे अशी दोन्ही खाती आयमॅप पद्धतीने (हिच्यात पत्रे सेवेच्या सर्व्हरवरच राहतात आणि प्रोग्रॅममधून हाताळता येतात) जोडावीत आणि एका खात्यातील पत्रे निवडून दुसऱ्या खात्यातील फोल्डरमध्ये त्यांची प्रत करावी. जीमेलमध्ये अशा फोल्डरचे आपोआप लेबल बनते. पत्रे हलवू नयेत, प्रतच करावी, आणि मोजदाद जुळेपर्यंत याहूचे खाते बंद करू नये. नवे खाते सोसायटीच्याच नावाने उघडावे आणि सचिव बदलला की खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक त्याच सभेत बदलून घ्यावा.