'कोंत्र' म्हणजे दर वेळी 'विरुद्ध' नव्हे

प्रश्न असा आहे : फ्रेंचमध्ये 'कोंत्र' म्हणजे विरुद्ध, मग कारखान्यातल्या फोरमनला 'कोंत्रमेत्र' का म्हणतात? तो काय मेत्रच्या, म्हणजे मुख्याच्या, विरोधात असतो? आणि अशा शब्दांचं इंग्रजी करताना सरसकट 'काउंटर' लावलं तर चालतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : चालत नाही. 'कोंत्रआताक'चं 'काउंटरअटॅक' होतं, संगीतातल्या 'कोंत्रप्वँ'चं 'काउंटरपॉइंट' होतं, इथवर सरळ आहे. पण 'कोंत्रबास' हे वाद्य इंग्रजीत 'डबल बेस' आहे, नौदलातला 'कोंत्र-आमिराल' हा 'रिअर ॲडमिरल' आहे आणि 'कोंत्रप्लाके' म्हणजे चक्क आपलं प्लायवुड.

याचं कारण मूळ लॅटिन 'कोन्त्रा'त आहे. त्यात 'समोर' हाही अर्थ होता. समोरचा कधी शत्रू असतो, कधी जोडीदार, कधी नुसता शेजारी. फ्रेंचमध्ये आजही भिंतीला टेकून उभं राहणं 'कोंत्र' वापरूनच सांगतात आणि गालाला गाल लावणं म्हणजे 'जू कोंत्र जू'. तिथे विरोध कुठला? प्लायवुडमध्येही लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात. कोंत्रमेत्र हा मुळात जहाजावरचा शब्द, मेत्रच्या हाताखालचा माणूस. तो पुढे कारखान्यात आला.

मराठी माणसाला हे समजायला 'प्रति' पुरेसा आहे. 'प्रतिहल्ला', 'प्रतिकार' यांत विरोध आहे. पण 'प्रतिनिधी', 'प्रतिबिंब', 'प्रतिलिपी' यांत कोण कुणाशी भांडतंय? 'कोंत्रफेर', म्हणजे नक्कल करणं, हा शब्द तर घटकांनुसार फोडला ('फेर' म्हणजे करणं) की 'प्रति' आणि 'कृ' असाच सुटतो. त्याचंच इंग्रजी रूप 'काउंटरफिट', खोट्या नोटेसाठी वापरतात ते. आपल्या 'प्रतिकृती'ला मात्र तो डाग लागला नाही.

या घराण्यातला माझा सर्वांत आवडता शब्द 'कंट्रोल'. फ्रेंच 'कोंत्रोल' म्हणजे 'कोंत्र' अधिक 'रोल'. रोल म्हणजे हिशेबाची किंवा नावांची गुंडाळी. मूळ गुंडाळीशी ताडून बघायला दुसरी एक गुंडाळी ठेवत, ती 'कोंत्र-रोल', म्हणजे प्रतिलिपीच. त्यावरून ताडून बघणं, तपासणं हा अर्थ आला आणि फ्रेंच मुख्यतः तिथेच राहिली. फ्रान्सच्या रेल्वेत 'कोंत्रोलर' येतो तो तिकीट तपासायला, आणि शाळेत 'कोंत्रोल' असतो म्हणजे चाचणी परीक्षा असते. इंग्रजीत मात्र तपासणाऱ्याच्या हाती सत्ता आली आणि 'कंट्रोल'चा मुख्य अर्थ ताबा, नियंत्रण असा झाला. आपल्याकडे आला तो हा अर्थ. 'कंट्रोलचं धान्य' त्यातूनच आलं. जुना अर्थ इंग्रजीत अगदी गेला असं नाही : विमानतळावरचा 'पासपोर्ट कंट्रोल' ही तपासणीच आहे.

इंग्रजीत याच शब्दाचं एक विचित्र स्पेलिंग आहे, 'कॉम्प्ट्रोलर'. हिशेब बघणारा अधिकारी, तेव्हा शब्द 'कोंत' म्हणजे हिशेब यावरूनच आला असणार, अशा समजुतीने कुणीतरी त्यात 'एम' आणि 'पी' घुसडले. उच्चार पूर्वापार 'कंट्रोलर'च. ती चूक आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी पाठातही सन्मानाने बसली आहे : कलम 148 मधले नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे 'कॅग'मधला 'सी'.

उलट दुकानातलं 'काउंटर' खरोखरच त्या हिशेबवाल्या 'कोंत'च्या कुळातलं. पैसे मोजायची जागा ती 'कोंत्वार', तिचं इंग्रजीत 'काउंटर' झालं. 'काउंटरअटॅक'मधल्या 'काउंटर'शी त्याचं काही नातं नाही. दोन वेगळे शब्द इंग्रजीत येऊन एकसारखे दिसू लागले इतकंच.

भाषांतर करणाऱ्यांनी 'कोंत्रताँ'पासून विशेष जपावं. इंग्रजीने हा शब्द जसाच्या तसा उचलला आणि आता तिथे त्याचा अर्थ बहुधा किरकोळ खटका, वादावादी असा होतो. फ्रेंच माणूस 'कोंत्रताँमुळे येता आलं नाही' म्हणाला, तर त्याचं कुणाशी भांडण झालेलं नाही; ऐन वेळी काहीतरी अडचण आली, एवढंच तो सांगतोय.