हूं करायली का गपच हाय?

लातूर, पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय लेकरा,

अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला आलेला तुझा मेसेज सकाळी चहा पिताना पाहिला. हललेला फोटो, त्यात काळा स्क्रीन आणि तुझ्या अंगठ्याची सावली. खाली अख्ख्या फोल्डरची झिप आणि एक ओळ: ‘काका, मी लिहितेय त्या ओएसमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) पेजिंग चालू केलं की मशीन रीबूट होतंय. तीन दिवस झाले. प्लीज काहीतरी सांगा.’

झिप मी उघडली नाही. मुद्दामच. रागावू नकोस, आधी एक गोष्ट ऐक.

माझ्या लहानपणी अंबाजोगाईत आमच्या शाळेच्या वाटेवर मोटार वाइंडिंगचं एक दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. तांब्याच्या तारेचा आणि वॉर्निशचा वास मला फार आवडायचा. खेड्यातून शेतकरी यायचे, घाईत, घामाघूम.

‘मिस्त्री, मोटार बंद पडली.’

‘बंद पडली म्हंजी? बटन दाबल्यावर हूं करायली का गपच हाय?’

‘हूं करायली. अन् जरा येळानं स्टार्टर पडायलंय.’

‘लाईट बंद करून पंखा हातानं फिरवून बघितला का?’

‘फिरायलाय की मोकळा.’

‘मग मोटार कशाला काढतो? एक फेज गेली आसंल. जा, डीपीवरचा फ्यूज बघायला सांग वायरमनला.’

मिस्त्री खुर्चीवरून उठायचाही नाही. समोरच्याला वाटायचं मिस्त्रीला जादू येते. पण उत्तर त्या शेतकऱ्यानेच आणलेलं असायचं. ते त्याच्याकडून काढून घ्यायची कला तेवढी मिस्त्रीकडे होती. मदत मागण्याविषयी मला जे कळलं ते बरंचसं त्या दुकानातलंच आहे.

आता तुझा फोटो. त्यात मशीन गप आहे. प्रोसेसरला एखादी गोष्ट जमली नाही की तो एक्सेप्शन उठवतो, म्हणजे ‘इथे अडलंय’ अशी हाक मारतो. ते हाताळायला तू कुणाला बसवलेलंच नसेल, तर डबल फॉल्ट. त्यालाही कुणी वाली नसेल तर ट्रिपल फॉल्ट, आणि तिथे पीसी स्वतःला रीसेट करून मोकळा होतो. तू तीन दिवस बघतेयस ते हे तिसरं मरण. पहिलं कशाने आलं ते फोटोत कुठून दिसणार?

म्हणून माणसाला विचारायच्या आधी मशीनला बोलकं कर. दोन गोष्टी पुरतात.

एक, सीरियल पोर्ट, म्हणजे एकेक बाइट बाहेर पाठवायची जुनी वाट. हेक्समध्ये ३एफ८ या पोर्टवर एकेक बाइट टाकायचा, वीसेक ओळींचा कोड आहे. तू म्हणशील, स्क्रीनवर छापता येतंय की. येतंय, पण तू छापतेस ती जागा, हेक्समधली बी८०००, ही मेमरी आहे. ८० बाय २५ अक्षरं, प्रत्येकाला दोन बाइट, असा ४००० बाइटचा तुकडा. पेजिंग चालू झालं की त्या तुकड्याकडे जाणारी वाटसुद्धा पेज टेबलातूनच, म्हणजे मेमरीचे खरे पत्ते सांगणाऱ्या यादीतूनच जाते. टेबल चुकलं असेल तर ‘टेबल चुकलं’ हे छापायला गेलीस तरी मशीन मरेल. पोर्ट मेमरीत नसतो, पेज टेबलाशी त्याचं देणंघेणं नाही. स्क्रीनच्या मेमरीची नोंद चुकली तरी, तुझा कोड चालतोय तोवर सीरियल बोलत राहतं. क्यूएमूला, म्हणजे तू ज्या नकली मशीनमध्ये (एम्युलेटरमध्ये) ओएस चालवतेस त्याला, सांगितलंस की हे बोलणं थेट टर्मिनलवर येतं.

दोन, क्यूएमूचाच लॉग. ‘डी इंट’ हा पर्याय लावला की प्रत्येक इंटरप्ट (टायमर, कीबोर्ड वगैरेंनी प्रोसेसरला मारलेली हाक) आणि एक्सेप्शन ओळीने नोंदलं जातं, आणि ‘नो रीबूट’ लावलं की मशीन मेल्यावर पुन्हा उठत नाही, आहे तिथेच थांबतं. केव्हीएम (क्यूएमूचा कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर पळवायची सोय) मात्र बंद ठेव, नाहीतर लॉग जवळपास कोराच येईल.

या लॉगने मला एकदा चांगलंच शहाणं केलंय. वीस वर्षं होत आली. तेव्हा एम्युलेटर वेगळा होता, लॉग असाच. मी इंटरप्टचं टेबल बसवलं, प्रत्येक हाकेला उत्तर देणारे हँडलर लिहिले, मोठ्या ऐटीत इंटरप्ट चालू करणारी एसटीआय ही सूचना टाकली, आणि स्क्रीनवर माझाच मेसेज: डबल फॉल्ट. अकरा दिवस मी स्टॅक तपासला. स्टॅक वाढवला, हलवला, दुसरीकडे नेला. काही फरक नाही. शेवटी ओळखीतल्या एका इंजिनिअरला फोन लावला आणि पाऊण तास माझा कोड वाचून दाखवला. बिचाऱ्याने ऐकलं. मग म्हणाला, ‘डबल म्हणतोस ना? मग पहिला फॉल्ट कुठाय?’

लॉग उघडला. आठ नंबरची, म्हणजे डबल फॉल्टची, नोंद होती आणि तिच्याआधी काहीही नव्हतं. पहिल्याशिवाय दुसरा. म्हणजे तो डबल फॉल्ट नव्हताच. तो टायमर होता.

झालं होतं असं. इंटेलने इंटरप्टचे पहिले ३२ नंबर प्रोसेसरसाठी राखून ठेवले होते. १९८१ साली आयबीएमने पीसी काढला तेव्हा टायमर, कीबोर्ड वगैरेंचे इंटरप्ट ८ ते १५ या नंबरांवर बसवले. त्या वेळी ते रिकामे होते. पुढच्याच वर्षी २८६ प्रोसेसर आला आणि ८ नंबर डबल फॉल्टला मिळाला. एकाच प्लॉटवर दोघांची खरेदीखतं. बायोसने (मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमने) टायमर सेकंदाला साधारण १८ वेळा वाजत ठेवलेला असतो, त्यामुळे मी एसटीआय म्हटलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत टायमर माझ्या डबल फॉल्टच्या दारात उभा. उपाय एवढाच की इंटरप्ट कंट्रोलरला सांगून ते नंबर ३२ पासून पुढे ढकलायचे. आणि हा कंट्रोलर कोण? ८२५९! तोच, ज्याच्या ब्लॉक डायग्रामवर मी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. तूही घेतले असशील. तो आपल्या समोरच्या मशीनमध्ये बसलाय हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. (तू त्याला अजून हलवलं नसशील तर आजच हलव. आणि प्रत्येक इंटरप्टनंतर ‘काम झालं’ असा बाइट त्याला पाठवायला विसरू नकोस, नाहीतर कीबोर्डचं एकच बटन दाबलेलं कळेल आणि मग शांतता.)

म्हणजे बघ, त्या इंजिनिअरने मला फक्त ‘हूं करायली का गपच हाय?’ एवढंच विचारलं होतं.

आता विचारायचं कसं. तू काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि लॉगमधल्या शेवटच्या दहा ओळी. फोटो नको, मजकूर. कोड अख्खा नको. ज्या पाच-पंचवीस ओळींवर तुझा संशय आहे तेवढ्या वेगळ्या काढ आणि तेवढ्यानेही मशीन मरतं का ते बघ. हे करताना निम्म्या वेळा उत्तर तुलाच सापडेल आणि मेसेज पाठवायची गरजच उरणार नाही. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी मराठीत लिहून काढ. प्रश्न मराठीत धड मांडता आला नाही तर इंग्रजीचा त्यात काही दोष नाही.

विचारायचं कुणाला? ओएस शिकवणाऱ्या सरांनाच विचारायला हवं असं नाही. मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये केस पिकलेले जे सर असतील त्यांच्याकडे जा. पोर्ट, इंटरप्ट, टायमिंग हे त्यांच्या हाडात मुरलेलं असतं आणि हल्ली त्यांना कुणी विचारत नाही म्हणून ते खूष होऊन सांगतात. इंटेलच्या मॅन्युअलचा तिसरा खंड उतरवून घे. सलग वाचू नकोस, कुणीच वाचत नाही. एक्सेप्शनचं आणि पेजिंगचं प्रकरण मात्र प्रिंट काढून उशाशी ठेव. एमआयटीतल्या मुलांसाठी २००६ मध्ये लिहिलेली एक्सव्ही६ ही छोटी ओएसही बघ. एका माणसाला संपूर्ण वाचून होईल एवढाच कोड आहे.

आणि एआयला विचारतेस हे मला ठाऊक आहे. विचार. पण त्याने दिलेल्या कोडात ३२ बिटचं आणि ६४ बिटचं एकाच ताटात कालवलेलं मी अनेकदा पाहिलंय, तेही अशा ठसक्यात की आपलंच चुकत असावं असं वाटावं. त्याच्याकडून कोड घेण्यापेक्षा कारण विचार, आणि ते कारण मॅन्युअलात सापडतं का ते बघ.

तुझ्या मागच्या मेसेजमध्ये होतं की ओएस सुरू होताना तुझं नाव मराठीत यायला हवं. हौस मला आवडली, पण आत्ता नको. त्या टेक्स्ट मोडच्या फॉन्टमध्ये साधारण २५६ चिन्हं मावतात आणि त्यात आपलं एकही नाही. त्यासाठी ग्राफिक्स मोड लागेल, आणि मग आपल्या लिपीचे लाड: ‘कि’ लिहिताना मेमरीत आधी क असतो आणि मग वेलांटी, स्क्रीनवर मात्र वेलांटी आधी काढायची. जोडाक्षरांचं तर बोलायलाच नको. दिवाळीच्या सुट्टीत ये, दोघं मिळून करू.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. खऱ्या मशीनवर लिहायची घाई करू नकोस. मी एका ओळखीच्यांच्या डीटीपीच्या दुकानात रात्री बसून माझा ५१२ बाइटचा बूट सेक्टर (मशीन सुरू होताना डिस्कवरून पहिल्यांदा वाचला जाणारा तुकडा) फ्लॉपीवर लिहीत होतो. झोपेत डिस्कचं नाव चुकलं आणि तो गेला त्यांच्या हार्ड डिस्कवर. त्या पहिल्याच सेक्टरमध्ये ४४६ बाइट कोडचे असतात आणि पुढचे ६४ पार्टिशन टेबलचे. माझ्या शून्यांनी ते टेबल पुसलं. ऐन लग्नसराई, डिस्कवर सतरा लग्नपत्रिका. डेटा जागेवर होता, फक्त कुठलं पार्टिशन कुठून सुरू होतं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पहाटेपर्यंत टेबल पुन्हा उभं केलं तेव्हा सगळ्या पत्रिका मिळाल्या. दुकानाच्या मालकांनी मला काही म्हटलं नाही, त्याचंच जास्त लागलं. तुझ्या बाबांचा लॅपटॉप या कामापासून लांब ठेव.

आता तुझ्या रीबूटकडे. पेज टेबल म्हणजे तलाठ्याचं दप्तर समज. प्रोग्रॅम म्हणतो ‘माझा अमुक गट’, आणि खरी जमीन कुठे आहे ते दप्तर सांगतं, ४०९६ बाइटचा एकेक तुकडा. पेजिंग चालू करणारी ओळ चालली की त्या क्षणापासून प्रोसेसर दप्तर पाहिल्याशिवाय पाऊल टाकत नाही, अगदी पुढची सूचना वाचायलासुद्धा. तुझा कोड ज्या जमिनीवर उभा आहे तिचीच नोंद दप्तरात करायची राहिली, तर पुढचं पाऊलच पडत नाही. बहुतेकांचं पहिल्यांदा इथेच अडतं. दुसरी शक्यता, सीआर३ या प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये दप्तराचा खरा, भौतिक पत्ता द्यायला हवा तिथे तू दुसराच दिलास. आणि पुढे कधी नोंद बदललीस आणि मशीन जुन्याच जागी जात राहिलं, तर ते टीएलबीचं, म्हणजे प्रोसेसरने जवळ ठेवलेल्या नोंदींच्या नकलांचं, काम असतं: फेरफार झालाय, पण प्रोसेसरच्या खिशात जुना सातबारा आहे. तो फाडायला लावणारी सूचना वेगळी आहे, मॅन्युअलात सापडेल.

तर आज एवढंच कर. लॉग चालू करून मशीनला एकदा मरू दे. मग वरून खाली येत ‘व्ही=०ई’ असलेली पहिली ओळ शोध; ०ई म्हणजे १४, पेज फॉल्ट. त्या ओळीत आयपीचा पत्ता (चालू असलेली सूचना) आणि सीआर२ चा आकडा (ज्या पत्त्यावर अडलं तो) एकच असेल तर तुझ्याच पायाखालची नोंद राहिलीय, ती कर, मला कळवायचीही गरज नाही. दोन्ही वेगळे असतील तर ती ओळ जशीच्या तशी पाठव आणि सीआर३ मध्ये काय टाकलंस तेही. आणि ०ई कुठेच नसेल, तर फोनच कर. नऊनंतर कर, त्याआधी आमच्याकडे नळाला पाणी असतं.

आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका