कार्यशाळेनंतरचा सोमवार

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

कमी साधनांच्या रुग्णालयातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवण्याचा तुझा आराखडा वाचला. ३ दिवसांची कार्यशाळा, ४० जण, सकाळी व्याख्यानं, दुपारी प्रात्यक्षिकं, शेवटी प्रमाणपत्रं. मेहनत दिसते आहे, तरी स्पष्ट सांगायला हवं: तास तेवढेच ठेव, मांडणी बदल. रोजचे ६ तास धरले तर ३ दिवसांचे १८ होतात. त्यातला एक पूर्ण दिवस सुरुवातीला घे. उरलेले १२ तास वर्षभर वाटून टाक: दर आठवड्याला ५ मिनिटं आणि दर महिन्याला ४० मिनिटं. गुणाकार करून बघ, हिशेब जवळजवळ जुळतो.

टांझानियातल्या हायडोम इथल्या रुग्णालयात २०१० मध्ये, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, याचं १ दिवसाचं प्रशिक्षण झालं. ७ महिन्यांनी तपासलं तेव्हा सरावासाठीच्या बाळाच्या पुतळ्यावर सगळ्यांचे हात छान चालत होते, पण प्रसूतिकक्षात खऱ्या बाळांच्या बाबतीत काहीच बदललं नव्हतं. मग तिथल्याच लोकांनी दर आठवड्याला ३ ते ५ मिनिटांचा सराव आणि महिन्यातून एकदा ४० मिनिटांची उजळणी सुरू केली. त्यानंतर पहिल्या २४ तासांतले बालमृत्यू हजारी सुमारे ११ वरून ७ वर आले. शिकवण्याचा विषय तोच होता. बदलली ती सरावाची वेळ आणि जागा.

कार्यशाळा संपल्यावर सोमवारी रात्री कामावर एकटी नर्स असते. आईला रक्तस्राव होतोय, बाळ निळं पडलंय आणि बॅग-मास्क, म्हणजे चेहऱ्यावर धरायचा मास्क आणि त्याला जोडलेली हाताने दाबायची हवेची पिशवी, कुलुपातल्या कपाटात आहे. शिकवायचं ते या प्रसंगासाठी.

आता हाताचं काम जवळून बघ, कारण बहुतेक चुका इथेच होतात. बाळाचं डोकं मधल्या स्थितीत हवं: हनुवटी छातीवर टेकलेली नको, मानही फार मागे ताणलेली नको. मास्कने हनुवटी, तोंड आणि नाक झाकलं पाहिजे, डोळे नाही. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली बोटं जबड्याच्या हाडाखाली. नवशिका मास्क चेहऱ्यावर दाबतो. त्याने हनुवटी खाली जाते आणि श्वासमार्ग बंद होतो. जबडा उचलून मास्कपर्यंत आणायचा, हे बोटांना समजेपर्यंत करून घे. वेग मिनिटाला ४० श्वासांचा. 'श्वास, दोन, तीन' असं मोठ्याने म्हणत दाबलं की लय आपोआप बसते. नजर बॅगवर नको, छातीवर हवी. ३ किलोच्या बाळाला एका श्वासाला १५ ते २० मिलिलिटर हवा पुरते. बॅगेत त्याच्या कितीतरी पट मावते. म्हणून पिळायचं नाही, छाती हलकेच वर येईल एवढंच दाबायचं.

छाती हललीच नाही तर ठरलेल्या क्रमाने जायचं: मास्क काढून पुन्हा बसव, डोकं नीट कर, तोंडात स्राव असेल तर पूस, तोंड किंचित उघड, आणि तरीही नाही तर थोडं जास्त दाब. हा क्रम तोंडपाठ असलेले लोकही खऱ्या वेळी एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे छातीकडे बघणं. बाळ जन्मल्यापासून ६० सेकंदांच्या आत श्वास सुरू व्हायला हवा, आणि तो मिनिट जातो कुठे, हे मोजलं तर उत्तर बहुधा असं येतं: नाका-तोंडातून स्राव ओढण्यात, मास्क शोधण्यात आणि डॉक्टरची वाट बघण्यात.

पुतळा एका जोडीला एक हवा, आणि एका शिक्षकामागे सहापेक्षा जास्त जण नकोत. पाणी भरून बाळाइतका जड होणारा पुतळा मिळाला तर तोच घे. हलक्या बाहुलीवर शिकलेला हात ओल्या, निसटत्या बाळाला धरताना गोंधळतो. प्रशिक्षण संपल्यावर पुतळा प्रसूतिकक्षातच राहू दे, उघड्या टेबलावर, बॅग-मास्कसह. त्या कक्षातल्याच एका नर्सला सरावाची जबाबदारी दे आणि तेवढा वेळ तिच्या कामातून अधिकृतपणे मोकळा करून घे. पाळी बदलताना येणारी आणि जाणारी, दोन्ही माणसं तिथे असतात. ५ मिनिटांसाठी ती वेळ सोयीची.

कुठलंही कौशल्य शिकवताना ४ टप्पे पाळ. आधी काही न बोलता, नेहमीच्या वेगाने करून दाखव. मग सावकाश, प्रत्येक पायरी समजावत. तिसऱ्यांदा तू कर, पण काय करायचं ते विद्यार्थी सांगेल आणि तू फक्त त्याच्या सांगण्याप्रमाणे हात हलवशील. चौथ्यांदा तो स्वतः बोलत करेल. वेळ कमी पडला की लोक तिसरा टप्पा गाळतात. तो कधीच गाळू नकोस. विद्यार्थ्याच्या डोक्यातली चूक त्याच्या हातात उतरण्याआधी तिथेच ऐकू येते.

काही कौशल्यांना पुतळाही लागत नाही. खोकला असलेल्या मुलाचे श्वास मोजणं घे. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. विद्यार्थी १५ सेकंद मोजतो आणि चौपट करतो. ८ महिन्यांच्या बाळाचे १२ मोजले तर ४८ आणि १३ मोजले तर ५२. एका श्वासाच्या फरकाने न्यूमोनियाचं निदान फिरलं! म्हणून पूर्ण ६० सेकंद, मूल शांत असताना, पोट-छातीवरचा कपडा बाजूला करून मोजायचं. दोन विद्यार्थ्यांना एकाच वेळी एकाच मुलाचे श्वास मोजायला सांग आणि आकडे एकमेकांना न दाखवता कागदावर लिहून घे. फरक मोठा आला तर पुन्हा मोजा. महिनाभर हे रोज केलंस तर आकडे जवळ येतील.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचंही तसंच. लाल रंगाचं पाणी मोजून चादरींवर ओत आणि अंदाज विचार. अंदाज जवळजवळ नेहमी कमी येतात. म्हणूनच मापाच्या खुणा असलेलं प्लास्टिक आईच्या खाली पसरवून रक्त मोजायची पद्धत आली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ई-मोटिव्ह' अभ्यासात या मोजमापासोबत गर्भाशयाचं मालिश, आकुंचनाचं औषध, रक्तस्राव थांबायला मदत करणारं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, शिरेतून द्रव आणि तपासणी हे उपाय एकापाठोपाठ वाट न बघता एकत्र दिले. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. ५०० मिलिलिटर झालं की सुरुवात. नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर ३०० वरच. हे आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लाव.

वॉर्डात एका खाटेभोवती ३० विद्यार्थी उभे असतील तर मागचे २० काही शिकत नाहीत आणि रुग्णाचा जीव गुदमरतो. पाच-पाचांचे गट कर, आणि आधी रुग्णाला विचार. विद्यार्थ्याने माहिती सांगितल्यावर लगेच उत्तर देऊ नकोस. 'तुला काय वाटतं?' आणि 'कशावरून?' हे दोन प्रश्न आधी. मग एकच मुद्दा शिकव, काय बरोबर केलं ते सांग, काय चुकलं ते सांग आणि पुढच्या खाटेकडे जा. पुस्तक एका भाषेत आणि रुग्ण दुसऱ्या भाषेत, ही अनेक देशांतली रोजची अडचण आहे. रुग्णाने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लाव, वैद्यकीय भाषांतर नंतर. 'छातीत कळ' आणि 'छातीवर दगड' यांतला फरक भाषांतरात हरवतो. बाहेरच्या श्रीमंत देशांतून काही आठवड्यांसाठी विद्यार्थी येत असतील तर प्रसूती करण्याची, टाके घालण्याची पहिली पाळी स्थानिक विद्यार्थ्याची, कारण तिथे तोच राहणार आहे. यावर तडजोड करू नकोस.

उपकरणांबद्दल थोडक्यात: जे तिथे आहे त्यावरच शिकव. कमी उत्पन्नाच्या देशांतल्या रुग्णालयांत साधारण ४० टक्के उपकरणं बंद पडलेली असतात, असं पाहण्यांत आढळलं आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) वापरायला शिकवताना त्याची बाहेरची जाळी आठवड्याला धुवायलाही त्याच तासात शिकव.

प्रशिक्षणाला कोण येतं, यावर फार लक्ष दे. बैठकीचा भत्ता मिळत असेल तर तीच वरिष्ठ मंडळी प्रत्येक कार्यशाळेला येतात, आणि रात्रपाळीची नर्स कधीच येत नाही. नावं कामाच्या वेळापत्रकावरून काढ, शिफारशीवरून नको. हाच प्रश्न मोठ्या पातळीवरही आहे. फिलिपिन्समधल्या लेटे बेटावर १९७६ मध्ये सुरू झालेल्या आरोग्यशिक्षणाच्या शाळेत विद्यार्थी गावं निवडून पाठवतात. आधी प्रसविका (प्रशिक्षित सुईण), मग नर्स, मग डॉक्टर अशा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीनंतर गावात परत जाऊन काम. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ३ वर्षं शस्त्रक्रिया शिकवली. पदवीनंतर ७ वर्षांनी पाहिलं तेव्हा त्यांच्यातले ८८ टक्के जिल्हा रुग्णालयांतच होते. तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. पण ही माणसं कायम आपोआप टिकतील असं समजू नकोस. बढतीची वाट नसेल, अडलेल्या वेळी सल्ला द्यायला वरचं कुणी नसेल, तर तीही थकतात. तू शिकवलेल्यांना वर्षभर फोनवर सल्ला देणारा एक अनुभवी माणूस नावानिशी ठरवून दे.

शेवटी मोजमाप. किती जणांना प्रमाणपत्र दिलं, हा आकडा अहवालात जाऊ दे, पण त्यावर विसंबू नकोस. दर महिन्याला ३ गोष्टी नोंदव: जन्मल्यावर श्वास न घेतलेली बाळं, त्यांपैकी मिनिटाच्या आत बॅग-मास्क मिळालेली, आणि मृत जन्मलेली म्हणून नोंदलेली. तिसरी फार महत्त्वाची. ज्या बाळाला कुणी श्वास दिलाच नाही, ते अनेकदा मृत जन्म म्हणून लिहिलं जातं. प्रशिक्षण मुरलं की आधी हा आकडा खाली येतो. आणि या नोंदींवरून कुणाला शिक्षा होऊ देऊ नकोस. एकदा जरी ती झाली, तर वही स्वच्छ दिसेल आणि तुला काहीच कळणार नाही.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात, व्याख्यान ठरवण्याआधी, एका रात्री प्रसूतिकक्षात जा. कामावरच्या नर्सची परवानगी घे, तिची परीक्षा नाही हे सांग, आणि तिला बॅग-मास्क हातात घ्यायला सांगून घड्याळ लाव. किती सेकंद लागले, ते मला कळव. तुझा पुढचा आराखडा आपण तिथून सुरू करू.