निर्दोषांना सोडवायचं, तर आधी केसपेपर वाचता यायला हवेत

कराडच्या एका पालकांचं पत्र आहे: "मुलगी बारावी झाली. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्यांना सोडवणारी संस्था उभारायची म्हणते. यात पोट भरतं का? सुरुवात कुठून करावी?"

नमस्कार. मुलीने धरलेलं काम फार मोलाचं आहे. भोकरदन तालुक्यातल्या २००३ च्या दरोडा-खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख भरपाईही द्यायला लावली. जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांच्या फोटोंतून सुरुवातीला चौघे वेगळेच ओळखले होते. ही गोष्ट कागदावर होती, पण तिचा माग कुणी काढला नव्हता. या कामाचं मर्म तिथेच आहे.

म्हणून संस्था नंतर. आधी सीईटी देऊन पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम (साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय जवळचं आहे), मग सनद (वकिलीचा परवाना) आणि वकिलांसाठीची बार परीक्षा. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात (ऐपत नसलेल्या आरोपींची बाजू मोफत मांडणारं कार्यालय) सहायक पदासाठी अर्ज करावा. दरमहा मानधन मिळतं आणि फौजदारी खटले रोज हाताळायला मिळतात. किमान पाच वर्षं हेच करावं.

या काळात कागद वाचायची सवय लागते. जप्ती पंचनाम्यावरची तारीख, पाकिटावरच्या लेबलवर पंचांच्या सह्या, लाखेचं सील, मुद्देमाल रजिस्टरची नोंद आणि सीए रिपोर्टमधली (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) नमुना मिळाल्याची तारीख शेजारी ठेवून पाहायची. समजा आरोपीचा शर्ट जप्त झाला, तर मधले दिवस तो कुठे होता, याचं उत्तर नसेल तर पुरावा डळमळतो. तेच पंच दुसऱ्या खटल्यांतही दिसतात का, हेही बघावं.

सगळ्यात मोठं नुकसान निकालपत्राच्या शेवटच्या ओळीत होतं: "अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा." कपडे जळाले की पुढे डीएनए तपासणीचा प्रश्नच मिटतो. त्यामुळे केस हाती येताच खटल्याच्या कागदांच्या नकलेचा अर्ज आणि मुद्देमाल जपण्याचा अर्ज एकाच दिवशी द्यायचा. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस (फाशीत ३०). ती टळली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, हे कैद्याच्या घरच्यांना बहुधा माहीतच नसतं. सातारा-सांगलीची अपिलं आता उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची खेप वाचली.

संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते, पाठोपाठ आयकर सवलतीच्या, १२ए आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या. हे जमून जातं. अडतं ते सनदेवर. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, म्हणून संचालक म्हणून पूर्ण पगार घ्यायचा तर सनद स्थगित ठेवावी लागते. कोर्टात उभं राहायचं की संस्था चालवायची, हे तिला आधी ठरवावं लागेल.

आणि नकार द्यायला शिकावं लागेल. पुराव्याअभावी सुटू शकणारा आणि खरोखर निर्दोष, यांत फरक आहे. निवडीचे निकष लेखी हवेत, नाहीतर पहिल्याच वर्षी अर्जांच्या ढिगाखाली काम थांबतं. देणगीदारांना "किती सुटले" याचा आकडा द्यायचं कबूल करू नये, कारण एकेका केसला वर्षानुवर्षं लागतात. किती केसपेपर मिळवले, किती अपिलं दाखल झाली, तेवढंच सांगावं.

पोट भरतं, पण बरोबरीच्या वकिलांपेक्षा कमी आणि उशिरा. घरावर कर्ज असेल तर हे तिच्याशी आत्ताच मोकळेपणाने बोला. कराडच्या सत्र न्यायालयात खुल्या सुनावणीला कुणालाही बसता येतं. या सुट्टीत तिला एखाद्या खटल्यातला उलटतपास पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत ऐकू द्या.