दोन फुटी टाकीत गप्पींसोबत एंजल आणि फायटर मासे ठेवले तर चालतील का?

नाही. दुकानदाराला सांगा, तुझ्याच घरी ठेव.

तुम्ही लिहिलंय की पाच नर, तीन माद्या असे आठ गप्पी आहेत, टाकी रिकामी रिकामी वाटते आणि दुकानदार म्हणतो एक छोटा एंजल न् एक फायटर टाका, शोभा येईल. ते ‘शोभा येईल’ वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवून लिहायला बसले. नेमके हेच शब्द माझ्या धाकट्या दिरांनी 2019 साली आमच्या हॉलमध्ये उभं राहून काढले होते.

माझे गप्पी कुठून आले ते आधी सांगते, नाहीतर माझा राग कळायचा नाही. माझे वडील सातारा जिल्ह्यात आरोग्य खात्यात, हिवतापाच्या कामावर. घरोघरी जाऊन रांजण-पिंपात बॅटरी मारून डासांच्या अळ्या बघायच्या, कोरडा दिवस पाळा म्हणून सांगायचं, भिंतीवर गेरूने भेटीची तारीख टाकायची. पाणी रिकामं करता येत नसेल तिथे अळ्या मारायचं औषध अ‍ॅबेट, आणि हौद, डबकी, गटारं असतील तिथे अळ्या खाणारे गप्पी. आरोग्य केंद्राच्या मागे सिमेंटचा एक हौद होता, त्यात पैदास चालायची. निवृत्त झाल्यावर बाबांनी तसाच एक छोटा हौद परसात पेरूखाली बांधला. आई म्हणायची, पेन्शन आली तरी डास काही सुटले नाहीत.

आम्ही धायरीला फ्लॅट घेतला तेव्हा बाबा त्या हौदातले पाच गप्पी घेऊन आले. दोन लिटरची बाटली, झाकण काढलेलं, तोंडावर रुमाल रबराने बांधलेला, आणि एसटीत सगळा वेळ बाटली मांडीवर. स्वारगेटला उतरले तेव्हा अर्धं पाणी पँटवर सांडलेलं आणि पाचही मासे ठणठणीत. दिसायला अगदी साधे. मादी तर नुसती राखाडी, नराच्या अंगावर एक नारिंगी ठिपका न् एक काळा. दुकानात असला गप्पी कोणी फुकट दिला तरी घेणार नाही. आमच्या भाऊजींनी बघितल्या बघितल्या नाव ठेवलं, ‘गटारातले मासे’. बाबा समोर बसलेले होते. काही बोलले नाहीत, चहा पीत राहिले.

पुढचा मूर्खपणा माझा. पाचपैकी एक मादी आठवड्यात गेली, आणि टाकी भरलेली दिसावी म्हणून मी दुकानातून कोब्रा, मोझॅक अशा रंगीत गप्पींचे लांब शेपटीचे नऊ नर आणले. म्हणजे बारा नर आणि एक मादी. ती बिचारी दिवसभर हायड्रिलात, म्हणजे टाकीतल्या पाणवनस्पतीत, तोंड खुपसून बसायची. बाबांनी फोनवर चांगलं झापलं, “एका नराला दोन-तीन माद्या पाहिजेत, तू स्वयंवर मांडलंयस का?” (तुमचं पाचाला तीन हे प्रमाणही उलटंच आहे, ते आधी सुधारा.)

मग वास्तुशांतीला भाऊजी आले, हातात पिशवी, पिशवीत दोन एंजल. दहाच्या नाण्याएवढे असतील. “वहिनी, गटाराला जरा शोभा येईल.” मी म्हटलं, हे मोठे होतात ना? म्हणाले, “दुकानात एकाच टाकीत होते सगळे, काही करत नाहीत.”

खरंच काही केलं नाही. पाच महिने. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दुकानदारही खोटं बोलत नसतो, तो फक्त आजचं सांगत असतो. एंजल हा सिक्लिड जातीतला मासा, वाढला की पंखांसकट तळहाताएवढा होतो, आणि तोंडात मावेल ते त्याचं खाणं. गप्पीचा नर जेमतेम तीन सेंटिमीटर. त्यातही लांब शेपटीवाला म्हणजे नऊवारी नेसून पळणाऱ्या बाईसारखा, जीव घेऊन पळालं तरी कासोटा अडकतोच.

सहाव्या महिन्यात सकाळी दाणे टाकताना बारा मोजले. वाटलं, एक झाडामागे असेल. चार दिवसांनी अकरा. मग दहा. मेलेला मासा एकही नाही, ना वर तरंगताना, ना फिल्टरला चिकटलेला. भाऊजींना फोन केला तर त्यांचं निदान तयार, “तुमच्याकडचं बोअरचं पाणी. नळाच्या तोट्या बघा, पांढरा थर चढलाय. असल्या पाण्यात नाजूक मासा जगतो होय?”

आता यात दोन चुका आहेत. मी तेव्हाही सांगितल्या, पुन्हा सांगते. एक, गप्पीला जड पाणीच मानवतं. बोअरचं क्षारांचं पाणी आपल्या डोक्यावरच्या केसांना वाईट, गप्पीला नाही. मऊ पाणी लागतं ते एंजलच्या मूळ कुळीला, अॅमेझॉनच्या खोऱ्यातली ती. दोन, पाण्याने मासा मेला तर प्रेत मागे राहतं. पाणी काही मासा गिळून ढेकर देत नाही.

लांब शेपटीवाले सगळे संपले, मग बाबांच्या साध्या नरांची पाळी आली. ते चपळ, म्हणून शेवटपर्यंत टिकले होते. एका रात्री अडीचला पाणी प्यायला उठले. हॉलमध्ये देवघरातल्या छोट्या दिव्याचा उजेड, तेवढाच. मोठा एंजल काचेजवळ स्तब्ध उभा होता, आणि त्याच्या तोंडातून एक शेपूट बाहेर आलेलं. नारिंगी ठिपका स्पष्ट दिसत होता. तो दर दोन-चार सेकंदांनी तोंड उघडबंद करायचा, प्रत्येक वेळी शेपूट तांदळाच्या दाण्याएवढं आत सरकायचं. कल्ले मात्र शांतपणे हलत होते, काही झालंच नाही असे. मी मोबाईल आणून फोटो काढला. हात थरथरत होता, फोटो हलला. सकाळी भाऊजींना पाठवला. उत्तर आलं, “हायड्रिलाचं पान दिसतंय.”

त्याच सकाळी राहिलेली एकटी मादी काढली आणि भाजणीची पाच लिटरची काचेची बरणी रिकामी करून तीत सोडली. ती वाचली कारण पाच सेंटिमीटरची होती, एंजलच्या तोंडात मावत नव्हती. बरणीत तेच बोअरचं पाणी, टाकीतलाच हायड्रिला, पंप नाही, काही नाही. ओट्याच्या कडेला, कुकरच्या शिट्या ऐकत. तिसऱ्या आठवड्यात उठून बघते तर बरणीत पापणीच्या केसाएवढी सतरा पिल्लं. एकेकाला नुसते दोन डोळे. मादी काढून भांड्यात ठेवली, कारण गप्पीची आई स्वतःची पिल्लंही सोडत नाही. आणि महिनाभराने त्या भांड्यात पुन्हा बारा पिल्लं! नर तर एकही उरला नव्हता. घाबरून बाबांना फोन केला. ते हसायलाच लागले. गप्पीची मादी नराचं बीज काही महिने अंगात साठवून ठेवते, एकदा मीलन झालं की त्यावर पुढची बरीच बाळंतपणं निघतात. म्हणाले, हौदात एक पोटुशी मादी सोडली तरी काम होतं, ती काय उगाच सरकारी मासा आहे?

दोन महिन्यांनी पिल्लांतल्या नरांवर रंग उतरला. काहींच्या अंगावर बाबांच्या हौदाचा नारिंगी ठिपका, काहींवर कोब्राची जाळी. एकाच आईची, बाप वेगवेगळे. एंजलने ज्यांना गिळलं त्यांचीच ही पोरं. बरणीसमोर किती वेळ उभी होते सांगता येत नाही, भाजी लागली तेव्हा भानावर आले.

मी भाऊजींना म्हटलं, तेच पाणी, तीच झाडं, एंजल नाही, आणि एकाचे तीस झाले. आता बोला. तर म्हणाले, “बरणीत जागा कमी ना, म्हणून जगले.” यावर काय बोलणार?

बरं, तुमचा प्रश्न. दोन फुटी टाकी म्हणजे, रुंदी-उंची एकेक फूट धरली तर, काठोकाठ छप्पन्न लिटर. वाळू-दगड जाऊन पन्नासही राहत नाही. फायटर नको, कारण लांब रंगीत शेपूट दिसलं की त्याला समोर दुसरा फायटर उभा आहे असं वाटतं. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा शेपट्या कुरतडतात. गोल्डफिश घाण फार करतो आणि त्याला गार पाणी लागतं. काच साफ करतो म्हणून तीस रुपयांचा सकर तुमच्या गळ्यात मारतील, तो फूटभराच्या वर जातो, मग लोक नदीत सोडतात आणि धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांची वाट लागते. चालतील ते प्लॅटी, सहाच्या घोळक्यात तळाशी फिरणारे कोरी मासे (त्यांना खाली बारीक वाळू हवी, टोकदार खडी नको), झेब्रा डॅनिओ, गोगलगायी. चेरी श्रिंप (छोटी कोळंबी) चालतात, पण त्यांची पिल्लं गप्पी मटकावणार हे धरून चाला. हे सगळं एकदम आणू नका, यातलं एखादंच. टाकी नवी असेल तर चार-सहा आठवडे थांबा, फिल्टरमध्ये घाण पचवणारे जीवाणू बसू देत.

पण खरं विचाराल तर काहीच आणू नका. रिकामी वाटते ती तुम्हाला. तीन माद्या आहेत, दर महिन्याला पिल्लं होणार, झाडं भरपूर लावलीत तर दिवाळीपर्यंत तुम्हीच विचाराल की गप्पी कोणाला देऊ. तेव्हा ओढ्यात मात्र सोडू नका. माझे बाबा सोडायचे ते खात्याचं काम म्हणून, ठरवून दिलेल्या जागी. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, आपल्या ओढ्यातल्या माशांवर तो भारी पडतो.

राहून गेलं ते सांगते. हल्ली दुकानातले एंजल इथल्याच पाण्यात वाढलेले असतात, त्यामुळे पाण्यावरून मी वर जे बोलले ते त्यांना फारसं लागू नाही. ते आपल्याकडे जगतात, चांगले जगतात. माझे दोन्ही सोसायटीतल्या एका काकांच्या चार फुटी टाकीत गेले आणि तिथे देखणे दिसतात, हे मान्य. एखादा फायटरही गरीब निघतो. आणि तुमच्याकडे महापालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन घालवणारे थेंब टाकल्याशिवाय पाणी बदलू नका, बोअरवाल्यांना ती काळजी नसते. पुण्यात थंडीत हीटर लावलेला बरा, बाबांच्या हौदातल्या जातीला लागत नाही, पण रंगीत गप्पी तेवढे काटक नसतात.

भाऊजी गणपतीला येतात. त्यांच्याकडे आता सहा फुटी टाकी आहे, आणि गेल्या वर्षी जाताना माझ्याकडून पिशवीभर गप्पी मागून नेले. कशाला, ते विचारलं नाही. एंजलना खायला असणार, असं आमचे हे म्हणतात.

एंजल आधीच आणला असेल तर आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी गप्पी मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुकानदार पैसे परत देणार नाही, पण मासा बदलून देईल. त्या बदल्यात दोन माद्या मागा.