फोटोमागची फुली

प्रश्न : आमच्या पणजोबांचा फर्ग्युसनच्या वसतिगृहातला ग्रुप फोटो घरी आहे. मागे १९०४ साल, तेरा नावं, आणि पणजोबांसकट पाच नावांपुढे फुली. फुलीवाल्यांनी गुप्त संघटनेची शपथ घेतली होती, असं घरात सांगतात. कॉलेजात खरंच अशी संघटना होती का? मुलांना हे सांगू का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : तुम्ही पाठवलेली प्रत दोन दिवस माझ्या टेबलावर होती. पाचही फुल्या एकाच हाताच्या दिसतात. नावं मात्र वेगळ्या शाईत आहेत. म्हणजे फुल्या मागाहून मारलेल्या असाव्यात.

साल जुळतं. सावरकर १९०२ मध्ये फर्ग्युसनला आले. त्यांच्या नाशिकच्या मित्रमेळ्याची १९०४ मध्ये ‘अभिनव भारत’ ही गुप्त क्रांतिकारी संघटना झाली, तेव्हा ते फर्ग्युसनलाच शिकत होते. वसतिगृहात त्यांच्याभोवती मुलं जमत, ‘आर्यन वीकली’ नावाचं हस्तलिखित हातोहात फिरे. तेव्हा शपथ घेतलेली मुलं त्या आवारात होती, हे नक्की. पण कॉलेज त्या शपथेत नव्हतं. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात सावरकरांच्या पुढाकारानं विलायती कापडाची होळी झाली, टिळक हजर होते. त्याबद्दल प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. आज त्यांची तिथली खोली कॉलेजनं जपून ठेवली आहे. तिच्या उंबऱ्याशी उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात त्या दहा रुपयांचाच विचार होता. गरीब घरच्या पोराला दहा रुपये म्हणजे केवढे! त्याच कॉलेजचे १८९२ ते १८९५ प्राचार्य होते आगरकर, आपल्या कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. त्यांची सगळी लढाई उघड्यावरची.

घरोघरी आणखी एक घोळ होतो. २२ जुलै १९३१ ला कॉलेजच्या वाचनालयात वासुदेव गोगटे या विद्यार्थ्यानं हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. गोळी खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली, हॉटसन वाचला. गोगट्यांचा राग सोलापुरातल्या लष्करी कायद्याच्या जुलमावर होता. तुमच्या फोटोनंतर सत्तावीस वर्षांनी हे घडलं. त्याची सांगड पणजोबांशी घालू नका.

आता फुली. जुन्या माणसांना गेलेल्यांच्या नावापुढे फुली मारण्याची सवय असे. पाचांपैकी कोण कधी वारलं, ते आधी काढा. पणजोबांचं साल तुमच्या घरीच सापडेल. बाकी चौघांच्या घरांपर्यंत पोचता आलं तर तेही बघा. दुसरं म्हणजे नाशिक कटाच्या, म्हणजे १९०९ मधल्या कलेक्टर जॅक्सनच्या खुनानंतर अभिनव भारतच्या लोकांवर चाललेल्या, खटल्याची कागदपत्रं चाळून ही नावं आरोपी-साक्षीदारांत येतात का, ते ताडून पाहा. सापडलं तर मुलांना छातीठोकपणे सांगा. तोवर ‘पणजोबा त्या वसतिगृहात होते’ एवढंच सांगा. तेही काही थोडं नाही.

आणि फोटोची मागची बाजू पुसू नका, पेन्सिलीची रेघसुद्धा ओढू नका. दोन्ही बाजू स्कॅन करा आणि बाकीच्या आठ जणांची नावंही मला कळवा.