कोर्स थांबवा, आधी कन्सल्टेशन घ्या

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एम.ए. झालं, सुपरव्हिजनखाली, म्हणजे वरिष्ठ थेरपिस्टच्या देखरेखीखाली, दोन वर्षं काम झालं, आता स्वतःची प्रॅक्टिस आहे. भावना आणि नातं यांना धरून तुम्ही थेरपी करता. पण एक क्लायंट रडू लागली की तुमच्या तोंडून पटकन निघतं, "मग आता काय करायचं ठरवलंय?" ती डोळे पुसते आणि ऑफिसचं बोलू लागते. तुम्ही विचारता, "तिसरा सर्टिफिकेट कोर्स करू की कन्सल्टेशन घेऊ? शिक्षण संपल्यावरही दुसऱ्याला विचारायचं म्हणजे मी कच्ची ठरत नाही का?"

मुळीच नाही. कन्सल्टेशन म्हणजे आपली केस दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टसमोर मांडून सल्ला घेणं, आणि या कामात मुरलेली माणसंही ते घेतात. कोर्स तूर्त राहू द्या. वरच्या रागाखाली दडलेलं दुःख कसं ओळखायचं, रिकाम्या खुर्चीचं काम (समोरच्या खुर्चीत ती व्यक्ती बसली आहे असं मानून क्लायंटला बोलतं करणं) कसं करायचं, हे भावनाकेंद्री थेरपी घडवणाऱ्या लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या पद्धतीतलं सगळं तुम्हाला येतं, असं पत्रावरून दिसतंच आहे. तुमचं अडतंय ते ती रडते त्या क्षणी, तुमच्या आत. त्यावर कोर्समध्ये धडा नसतो.

सुपरव्हिजनची धास्ती मनात असेल तर एक फरक लक्षात घ्या. तिथे तुमच्या केसची जबाबदारी सुपरव्हायझरवरही असते आणि तुमचं मूल्यमापनही होतं. कन्सल्टेशनमध्ये केस तुमची, निर्णयही तुमचा. सल्ला पटला तर घ्यायचा. मार्क देणारं कुणी नसल्यामुळे जे लपवावंसं वाटतं तेच तिथे उघडं करता येतं.

जाताना रेकॉर्डिंग न्या, अर्थात क्लायंटची लेखी संमती घेऊन आणि तिची ओळख झाकून. आठवणीतून सांगायला गेलं की आपण नकळत स्वतःला सावरून घेतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1942 सालच्या पुस्तकात एका क्लायंटची सगळी सेशन्स शब्दशः छापली, तेव्हापासून थेरपीचं बंद दार जरा किलकिलं झालं. तुम्हाला तर दहाच मिनिटं ऐकवायची आहेत. चांगला कन्सल्टंट टेप मध्येच थांबवून विचारेल, "ती रडली तेव्हा तुम्हाला काय झालं?" घसा दाटला? भीती वाटली? उत्तर यायला वेळ लागेल, तो लागू द्या. कदाचित तुम्ही त्यांच्यासमोरही घाईघाईने पुढच्या मुद्द्यावर जाल. सेशनमधलं नातं असं सुपरव्हिजनच्या खोलीत उतरतं, हे अमेरिकन मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्स यांनी 1955 मध्येच लिहून ठेवलंय; कन्सल्टेशनमध्येही तसंच होऊ शकतं. तसं झालं तर ओशाळू नका, ती मोलाची माहिती आहे.

मग पुढच्या सेशनला क्लायंटला म्हणता येईल, "मागच्या वेळी तुम्ही रडत होतात आणि मी विषय बदलला. तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" नात्याला गेलेला तडा असा दोघांनी मिळून पाहणं हाच या थेरपीचा गाभा आहे, असं मी मानते.

कन्सल्टंट निवडताना ते याच पद्धतीने काम करतात का, हे पाहा. स्वतःची चुकलेली सेशन्स ते उघड करतात का, हेही विचारा. माझ्या लेखी ही मोठी कसोटी आहे. मैत्रीण, नातेवाईक किंवा तुमची स्वतःची थेरपिस्ट नको. बोलता बोलता तुमचं एखादं जुनं दुःख वर आलं तर ते मात्र स्वतःच्या थेरपीत न्या. गटातलं कन्सल्टेशन स्वस्त पडतं आणि उपयोगीही असतं, पण सुरुवात एकटीने करा. सहा महिने, महिन्यातून दोनदा.

पहिल्या भेटीला हीच क्लायंट न्या. ती डोळे पुसते त्याच्या दोन मिनिटं आधीपासून टेप लावा.

तुमची,
करिअर मार्गदर्शक